मोडलेली सोयरीक

शिंपीणबाई मांजराला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. समोरच्या बाकावर निवृत्त पोस्टमास्तर, पायाशी त्यांचा कुत्रा ढोल्या. तेवढ्यात बेकरीवाल्या बाई त्याच जातीच्या आपल्या कुत्रीला, मैनेला घेऊन डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्या.

"मास्तर, सोयरीक मोडली. दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट आला."

"म्हणजे? माझा ढोल्या ठणठणीत आहे!"

"मैनाही आहे. पण दोघांतही तोच एक जनुक बिघडलेला आहे. त्याच्या जोडीचा दुसरा जनुक चांगला, म्हणून त्यांचं निभावतं. पिल्लाला दोन्हीकडून बिघडलेलाच मिळाला, तर अंगात रोगाशी लढायची ताकदच नाही. साधं खरचटलं तरी जातं ते."

"सगळीच पिल्लं?"

"चारात एखादं. मागच्या खेपेला मैनेचं तसलं एक माझ्या मांडीवर गेलं, मास्तर."

"मग नको. नकोच."

"ढोल्याला आपण तपासलेली, निर्दोष मुलगी बघू. मग या रोगाची भीती नाही."

"तुम्ही बघाल?"

"बघेन की. मुलाकडची होऊन."

"म्हणजे आता आपण व्याही नाही."

"नाही."

"मग संध्याकाळी बागेत भेटायचं निमित्तही गेलं."

"निमित्त कुत्र्यांचं गेलं. मी नेहमीच्या वेळेला येतेय. तुम्ही उशीर करू नका."

आतून शिंपीणबाईंना हाक आली. "माझं काही घाईचं नाही," म्हणत त्यांनी मागच्या माणसाला पुढे धाडलं आणि तिथेच बसून राहिल्या.