मागच्या खोलीतला महोत्सव

वरदा : नाही बाबा, फोन ठेवू नका, तुम्ही आधी ऐका तरी. तुमचा संगीत महोत्सव आपण परत सुरू करायचा. इथे, ग्लासगोत.

गिरीश : अगं, ईलिंगला तीस वर्षं चालवला मी तो. लंडनभर नाव होतं. शेवटी शेवटी हॉलमध्ये माणसं कमी नि खुर्च्याच जास्त. आता कशाला ती उठाठेव?

वरदा : यू ऑल्वेज से दॅट.

गिरीश : बरं, गाणार कोण? तिकडून कलाकार आणायचा म्हणजे व्हिसापासून तयारी. आणि तुला गं केव्हापासून गाण्याचं वेड? स्टेजवर आलाप सुरू झाला की तू गायब!

वरदा : राग-बिग मला काहीच नाही कळत. आय वॉज अस्लीप, बाबा! आम्ही सगळे मुलं मागच्या खोलीत झोपायचो, कोटांच्या ढिगावर. समर, ईशिता, मी. कोणीतरी काकू येऊन पांघरूण घालायची. कुणाची मुलगी, ते पण बघायची नाही. मला ते परत पाहिजे.

गिरीश : म्हणजे गाणं नकोच? शाब्बास! गणपती नको, मोदक तेवढे हवेत.

वरदा : हसू नका ना.

गिरीश : नाही हसत. आवाज का असा येतोय तुझा? आज हॉस्पिटल नाही?

वरदा : वीकेंड ऑफ आहे. शुक्रवारी घरी आले, त्यानंतर आत्ता पहिल्यांदा बोलतेय. कोणाशी पण.

गिरीश : आज रविवार आहे, वरदा.

वरदा : माहितीये.



गिरीश : तुला म्हणून सांगतो. मला तरी गाण्यातलं काय कळत होतं? ईलिंगला आलो तेव्हा दिवसदिवस मराठी कानावर पडायचं नाही. घर नुसतं खायला उठायचं. म्हटलं, काहीतरी निमित्त काढून माणसं गोळा करू. लोक मला मोठा रसिक समजायला लागले. म्हटलं, समजा बापडे!

वरदा : आणि आता? आता कोण येतं तुमच्याकडे?

गिरीश : माझं राहू दे. तुझ्या बिल्डिंगमध्ये आपलं कोणी आहे का?

वरदा : वरती एक कपल आलंय, नागपूरचं. लिफ्टमध्ये मराठीत भांडत होते. आय लव्ह्ड इट. पण बोलले नाही मी काही.

गिरीश : अगं वेडे! जा, दार वाजव त्यांचं.

वरदा : आत्ता? आणि सांगू काय?

गिरीश : सांग, शनिवारी आमच्याकडे गाणं आहे, या.

वरदा : पण बाबा, गाणार कोण?

गिरीश : माणसं तर येऊ देत. मी सकाळच्या ट्रेननं निघतो.