संदर्भासहित हरिचंद

...अन् वरतून मलाच म्हणतेत, "हरिचंद, शिकून तुझं डोकं बिघडलं!" आता तुमीच सांगा, मी काय माझ्या मनानं शिकायला गेलो व्हतो? ह्याच लोकायनं धाडलं! साखरा गावाच्या पुढं आमचा तांडा, तांड्यावर पत्र्याची मंडळी, म्हंजे चर्च हो, बावीस घरं, अन् दर रविवारी संदेश देणारा, प्रवचन करणारा मी. म्हणले, "जा, शास्त्राचा अर्थ कसा लावायचा ते शिकून ये." दोन वर्सं दर शनिवारी एसटीत उभ्यानं हिंगोलीला, बायबलच्या वर्गाला! तिथं आमचे सर. काय माणूस! टेबलावर बुक्की मारून म्हणायचे, "वचन एकटं उपटायचं नाही! कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं, कशासाठी म्हटलं... आधी संदर्भ पाहा!"

मी पाहिला. इथंच तर घोडं पेंड खातं!

तुमाला सांगतो, आमच्यात नव्या वर्साला वचनाची कार्डं काढतेत. ताटात कार्डं उलटी ठेवायची, डोळे मिटून एक उचलायचं, निघल ते वचन देवानं तुमाला वर्सभरासाठी दिलं. रुख्मिणीबाईला निघालं, देवदूत तुला हातावर झेलतील, पायाला ठेच लागू देणार न्हाईत. म्हातारी खूश! गुडघ्याची तकलीफ ना तिला. आता मी शिकलेला, चूप बसतो का? भर मंडळीत उभा राहून म्हणलो, "मावशी, आधी संदर्भ पाहा! हेच वचन येशूला कोणी ऐकवलं ठावं हाय का? सैतानानं! देवळाच्या शेंड्यावर नेऊन, मार उडी म्हणून!"

बराबर व्हतं हो! शंभर टक्के बराबर!

म्हातारीनं कार्ड फेकलं, जसा हातात इंचूच आला. "माझ्या बटव्यात सैतानाचं कार्ड? देवा रे!" झालं! पुढच्या रविवारी नऊ घरं उरली. बाकीची शेजारच्या गावच्या मंडळीत जायला लागली. माझी बायको रूपाबाई बी! भाकर करून गेली, तेवढे उपकार.

म्हणलं, घाबरू नको हरिचंद, सरांना बोलवू, सर सांगतील. यंदाच्या नव्या वर्साला सर आले. बावीसच्या बावीस घरं हजर! मी पुढंच, छाती फुगवून... अन् सरांनी काय करावं? कार्डाचं ताट हातात घेतलं! माझ्या सरांनी! रुख्मिणीबाई जुनं कार्ड घेऊन पुढं आली. रूपाबाईनं उचलून जपलं व्हतं म्हणं! "सर, हे खरं का खोटं?" सर डोळे मिटून म्हणतेत, "आई, हे वचन तुमच्यासाठीच आहे!" लगेच टाळ्या, हालेलुया, ढोलकी!

ज्याचं बोट धरून चाललो, त्यानंच भर बाजारात सोडलं. शत्रूनं केलं असतं तर सोसलं असतं... हे बी शास्त्रातलंच हाय, अन् संदर्भ पाहिलेला हाय मी!

जेवताना गाठलं सरांना. "सर, आधी संदर्भ पाहा, असं तुमीच म्हणलं व्हतं ना?"

सर वांगं-भाकर खात म्हणतेत, "पाहिला ना. म्हातारी बाई, दुखरे गुडघे. तिला आधार हवा होता हरिचंद, तू परीक्षा घेतलीस तिची."

तर संदेश आता प्रेमदास देतो. ढोलकीवाला, सातवी नापास! अन् मला? पुढच्या वर्सीची कार्डं करायचं काम. कात्री घेऊन बसलो हाय. मंडळीच्या जुन्या मासिकातलं वचन ठेवायचं, मागचं-पुढचं कापून टाकायचं... मंडळी म्हणते, हे काम हरिचंदनंच करावं. मागचं-पुढचं कुठवर हाय, ते त्यालाच बराबर कळतं!