वास जाईस्तोवर

मखमलाबादच्या एका मळ्यातील विहिरीत जंतुनाशक पावडर टाकली की पाण्यातले जंतू घटत, आणि दुसऱ्या सकाळी ते पूर्वीइतकेच भरत.

१९७८ च्या पावसाळ्यात, नाशिकच्या एका दवाखान्यात, पाणी तपासणीच्या खिडकीपाशी, आतल्या तपासनिसासमोर, त्या मळ्यातली मालनबाई आणि तिचा दीर भिकन उभे होते. तिचा मुलगा आत सलाइनवर होता.

"साहेब, पावडर आमी नेमानं टाकतो. तरी पोराला पुन्हा हगवण कशी?"

"सगळे जंतू मरत नाहीत, बाई. उरलेल्या एकाचे दोन होतात, दोनाचे चार. रात्रीत पुन्हा तेवढेच."

"मंजी पावडर खोटी हाय?"

"पावडर चांगली आहे. पाण्यात किती वेळ राहते?"

"भावजी, सांगा की. मोटर तुमीच लावता."

"वहिनी, वास तुमालाच सोसत नाय. पावडर पडली की लगेच मोटर लावतो, साहेब. वास जाईस्तोवर पाणी झेंडूला सोडायचं, मग प्यायचं भरायचं."

"लगेच?"

"लगेच. लय काळजी घेतो आमी."

"झेंडूला हगवण झाली नसेल कधी."

"थट्टा नको, साहेब! घरी धाकटी तेच पाणी पितीय."

"मग आत्ताच कोणाला तरी पाठवा. तिला उकळलेलंच पाणी द्या. आणि पुन्हा पावडर टाकाल तेव्हा तासभर मोटरला हात लावू नका."

"भावजी, सायकल काढा. पळा."

जंतू मरण्यापूर्वीच औषध उपसले जाऊन झेंडूच्या वाफ्यांत जात होते, आणि विहिरीत उरलेले जंतू नव्या पाझरात वाढत होते.