अंदमानातले रविवार

(वडूजजवळची वाडी. दुपार. धोंडुबाई आणि तिची सून स्वप्नाली अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडतायत. स्वप्नालीची पाच वर्षांची क्रांती आत झोपली आहे. सासरे कोंडीबा बाहेर मेंढरांजवळ आहेत.)

धोंडुबाई : आन् मग त्यो शंख चालाय लागला म्हंतीस?

स्वप्नाली : होय आत्या. क्रांतीनं समुद्रावरनं पाच-सहा शंख खिशात भरून आणले होते. सकाळी बघते तर एक ओट्यावर, एक दाराच्या फटीत, आणि एक यांच्या बुटात. आत बारका खेकडा असतो. घर पाठीवर घेऊन हिंडतो. यांनी बुटात पाय घातला आणि एका पायावर नाचत बाहेर आले. फौजी माणूस, पण तेव्हा बघायला पाहिजे होतं तुम्ही.

धोंडुबाई : ल्हानपणापासनं तसाच. इच्चवाला भ्यायचा न्हाई, पर सुरवंट दिसला की पळायचा. मग काय केलंसा त्या शंखांचं?

स्वप्नाली : डब्यात गोळा केले आणि संध्याकाळी स्कूटरवरनं जाऊन समुद्रावर सोडून आलो. तिघंही. मला म्हणाले, आपली बदली सरकार करतंय, ह्यांची आपण कशाला करायची.

धोंडुबाई : त्येचंच बोलणं हाय हे. दर आयतवारी जायाचासा?

स्वप्नाली : सुट्टी असली की. कधी समुद्रावर, कधी बाजारात, कधी नुसतं धक्क्यावर उभं राहून बोटी बघायच्या. तिथं सगळंच निराळं. संध्याकाळी साडेपाचला अंधार आणि पहाटे पाचच्या आत लख्ख ऊन. गेल्या गेल्या मी दचकून उठले, यांना हलवलं, म्हटलं ड्युटी चुकली. घड्याळ बघून हसत बसले. आणि पाऊस म्हणजे विचारू नका. दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले. यांच्या पट्ट्याला बुरशी यायची. दारात उभं राहून म्हणायचे, ह्यातला एक तास आपल्या माळावर पडला असता तर आबांनी मेंढरं घेऊन रानोमाळ कशाला हिंडायचं.

धोंडुबाई : मला फोन लावायचा आन् पावसात धरायचा. मी म्हणायची, इश्वजित, नुसती खरखर येतीया रं, ठिव. त्यो म्हणायचा, आयं, खरखर न्हाई, पाऊस हाय त्यो.

स्वप्नाली : कितीदा बोलावलं तुम्हाला.

धोंडुबाई : मेंढरं कुणाच्या गळ्यात घालून येऊ? आन् काळं पाणी म्हणलं की माजा पाय निघायचा न्हाई. आता वाटतंय, यायला पायजे हुतं.

स्वप्नाली : भाऊसोचा फोन आला होता मघाशी. पुसेसावळीपर्यंत आलाय, जीप घेऊन. तासाभरात पोचेल.

धोंडुबाई : म्हंजे म्हायेरी जायाचं ठरलंच तुजं.

स्वप्नाली : ठरलं.

धोंडुबाई : किती दिस?

स्वप्नाली : क्रांतीचं नाव कडेगावच्या शाळेत घालणार आहे.

धोंडुबाई : हितं काय कमी पडलं, पोरी?

स्वप्नाली : कमी काही नाही पडलं. पण मी नळावर गेले की बायका बोलायच्या थांबतात. दहाव्याला मंगलकाकी सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुनेला हिंडायची हौस, त्या हौसेपायी पोरगं गेलं. तुम्ही शेजारीच बसला होता, आत्या.

धोंडुबाई : व्हय.

स्वप्नाली : तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

धोंडुबाई : न्हाई बोलले.

स्वप्नाली : आणि काकी खोटं बोलल्या असंही नाही. धबधब्याला जाऊ म्हणून मीच हट्ट धरला. क्रांतीचा वाढदिवस होता. यांच्या टाचेला पत्रा लागला होता, मला माहीत होतं ते. तरी म्हटलं, एवढ्याशा जखमेला काय होतंय. वाटेत ओढा ओलांडायचा होता. मी निसरड्याला भ्यायले. हे आधी क्रांतीला खांद्यावर घेऊन पलीकडं गेले, तिला खडकावर बसवलं, मग मला न्यायला परत आले. डॉक्टर म्हणाले, असल्याच पाण्यातनं होतं. उंदरांची घाण असते पाण्यात, ती जखमेतनं अंगात जाते.

धोंडुबाई : तुला काय ठावं हुतं त्यातलं.

स्वप्नाली : घरी येताना सगळ्या वाटेनं गप्प होते. मला वाटलं, बळं नेलं म्हणून चिडले. मग मीही फुगून बसले. आठवडाभर कामापुरतं बोलत होते. पुढच्या रविवारी म्हणाले, चला कुठंतरी. मी म्हटलं, मला कपडे धुवायचेत. तो शेवटचा रविवार, आत्या. कपडे धुतले मी. सोमवारपासनं अंगात ताप असणार, पण मी जवळच बसत नव्हते, तर कळणार कसं? गुरुवारी डोळे पिवळे दिसले तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. शनिवारी गेले.

धोंडुबाई : त्या शेंगा ठिव खाली.

स्वप्नाली : राहू दे, होत आल्यात.

धोंडुबाई : ठिव म्हंते. माज्याकडं बघ. मंगळवारी त्येचा मला फोन आल्ता.

स्वप्नाली : कुठल्या मंगळवारी?

धोंडुबाई : त्याच. गुरवारच्या आदल्या. ड्युटीवरनं लावला हुता. म्हणला, आयं, अंग लय ठणकतंय, पोटऱ्या तर आवळून आल्यात, ताप हाय. दवाखान्यात जाऊ का?

स्वप्नाली : तुम्ही काय म्हणालात?

धोंडुबाई : मी म्हणलं, भिजलास तर ताप येणारच. आलं, गवती चा घालून काढा पी, पांघरूण घिऊन पड, घामावाटं जाईल. उगं सुया कशाला टोचून घेतोस. आन् सपनाला सांगू नको म्हणलं. ती घाबरती, कडेगावला फोन करंल, सगळ्यास्नी घोर. एरवी माजं कवा आयकायचा न्हाई. तेवढं आयकलं.

स्वप्नाली : तीन महिने झाले, आत्या.

धोंडुबाई : व्हय.

स्वप्नाली : तीन महिने मी रोज सकाळी उठून तो मंगळवार आठवते. काय जेवले, कुठं बसले, मला कसं दिसलं नाही. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून भाकऱ्या थापत होता.

धोंडुबाई : मंगल बोलली तवा माज्या व्हटावर आलं हुतं. पर सगळी माज्यासाठी रडत हुती. ह्या माउलीचं लेकरू गेलं म्हणत हुती. हे सांगितलं आसतं तर कोण रडलं आसतं माज्यासाठी? म्हणून तुज्यावर जाऊ दिलं. तू माजी लेक न्हाईस, म्हणून जाऊ दिलं.

स्वप्नाली : मामांना माहीत आहे?

धोंडुबाई : कुणालाच न्हाई. तुला आज पैल्यांदा.

स्वप्नाली : किती वेळ बोलले तुमच्याशी?

धोंडुबाई : लय वेळ. मी बांधावर बसले हुते, शेरडं पार वड्याला गेली तवर बोलत हुता. तापाचं तर सगळ्यात शेवटी काढलं. आधी धबधब्याचंच चाललं हुतं.

स्वप्नाली : धबधब्याचं? काय म्हणाले?

धोंडुबाई : म्हणला, आयं, तुज्या नातीचा वाढदिवस झाला तवा लय मजा आली. पोरगी खांद्यावर बसून दोन्ही कान धरून मला हाकलत हुती. उजवा कान वढला की उजवीकडं. आन् सपना चपला हातात घिऊन काठावर हुबी, पाय टाकाय तयार न्हाई. परत जाऊन हात धरून आणली. लगीन झाल्यापासनं येवढा घट्ट हात तिनं कवा धरला न्हवता, म्हणला. आन् हसला.

स्वप्नाली : हसले?

धोंडुबाई : हसला की. मलाच लाज वाटली, आईला सांगतोय म्हणून.

स्वप्नाली : पण येताना एक शब्द बोलले नाहीत.

धोंडुबाई : टाच ठणकत हुती म्हणला. गाडीचा ब्रेक दाबला की डोळ्यात पाणी यायचं. पोरीचा वाढदिवस, आन् तुला सांगितलं तर तुज्या जिवाला लागंल, म्हणून बोलला न्हाई.

स्वप्नाली : माझ्यावर राग नव्हता?

धोंडुबाई : कशाचा राग? उलटं मलाच इचारत हुता. सपना आठ दिस झालं रुसलीया, कशापायी काय कळंना. ताप उतरला की परत तितंच नेतो, म्हणला.

स्वप्नाली : परत तिथंच?

धोंडुबाई : तितंच. ह्या बारीला दोघींस्नी उचलून नेतो, म्हणला.

स्वप्नाली : हे तरी सांगायचं होतं आत्या. काढ्याचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. हे सांगायचं होतं.

धोंडुबाई : एक सांगाय गेले आसते तर दुसरं आलंच आसतं की मागनं.

कोंडीबा : अगं ये, जीप दिसतीया वड्याकडनं. पिशव्या बाहीर काडू का पोरीच्या?

धोंडुबाई : पिशव्या ऱ्हाऊ द्या. मंगलला हाक मारा जावा.

कोंडीबा : मंगल कशाला आता?

धोंडुबाई : तिला सांगायचं हाय कायतरी. तुमास्नीबी. तिच्या घरातल्या बायका आसतील तर त्यास्नीबी आणा.

कोंडीबा : काय झालं? सूनबाई, रडतीस का?

स्वप्नाली : काही नाही मामा. भाऊसोला म्हणावं, चहा घे, हातपाय धू. निघायला अजून वेळ आहे.

कोंडीबा : पर जायाचं हाय न्हवं?

स्वप्नाली : जायचंय.

कोंडीबा : बरं. बोलावतो मंगलला.

धोंडुबाई : जा पोरी. न्हाई म्हणाय मला तोंड न्हाई. ऱ्हा तुज्या भावाकडं. पर वाडीतनं मान खाली घालून जाऊ नको.

स्वप्नाली : माझा राग गेलेला नाही, आत्या. जाईल का तेही माहीत नाही.

धोंडुबाई : नगं जाऊ दिऊस.

क्रांती : मम्मी, मामा आला?

स्वप्नाली : येतोय. ये, इथं बस माझ्याजवळ. आत्या, मंगलकाकी यायच्या आत परत एकदा सांगा. हिनं कान धरले होते तिथनं. सावकाश सांगा.