भागीरथीच्या अंगणातला रविवार

आप्पा : टीव्हीवरचा रविवारचा सिनेमा सोडून डोंबिवलीहून ठाण्याला आणलंस, आणि आता म्हणतेस चपला काढू नका?

शुभदा : अहो आप्पा, ही बैठक नाहीये. कोळीवाड्यातल्या खानावळीचं अंगण आहे. सगळे चपला घालूनच बसलेत बघा.

आप्पा : गाणं होणार आहे ना? मग जिथे गाणं तिथे चपला बाहेर. ठेवल्या मी त्या बदामाखाली.

शुभदा : बरं, ठेवा. मला तर सकाळपासून अन्न गोड लागत नाहीये. 

आप्पा : जागा मात्र झकास आहे हो. समोर खाडी, वारा काय सुटलाय, बाकडी पण ऐसपैस. कुणाला काही घाई दिसत नाही. कोण गातं इथे?

शुभदा : रागावू नका हं. मी गाते.

आप्पा : तू?

शुभदा : वर्ष झालं. दर रविवारी मैत्रिणीकडे, मालनकडे जाते सांगून इथे यायचे. सहदेवदादांची बॅन्जो पार्टी आहे. आता नवरात्रात त्यांना टेंभी नाक्याला बोलावलंय, स्टेजवर. दादा म्हणतात, गायचं तूच. मी म्हटलं, आमचे आप्पा ऐकून हो म्हणाले तरच.

आप्पा : लहानपणापासून तुला सूर लावायला शिकवला, तो बॅन्जोसाठी?

शुभदा : तोच सूर लावते आप्पा. ऐका तर खरं. मग काय ते बोला.

भागीरथी : आले काय गो तुजे आप्पा? या मास्तर, बसा. मी भागीरथी. खानावल माजी, नि तो बॅन्जोवाला सहदेव, तो माजा दीर. घाबरू नका, तुमच्यासाठी पापड येगल्या चुलीवर भाजलेत. म्हावऱ्याचा हात नाय लावला.

आप्पा : अहो, एवढं कशाला केलंत?

भागीरथी : आमच्या शुभदाचा बाप येनार, मंग नको? जा गो पोरी, सहदेव वाट बगतोय.

(शुभदा माइकपाशी जाते. गाणं रंगतं, आणि अर्ध्यावरच वाद्यं थांबतात.)

शुभदा : भागीरथीमावशी, दादांनी बॅन्जो खाली का ठेवला? गाणं राहिलंय ना अजून.

भागीरथी : काय करल तो? तुज्या आप्पांना बग. डोले मिटून बसलेत दगडावानी. आमच्यात पावन्यातला मोठा मानूस उठून नाचला नाय, तं त्याला गाना आवडला नाय असा समजतात. मंग पुढं वाजवीत नाय. पावन्याला तरास नको.

शुभदा : आप्पा, नाही आवडलं? खरं सांगा. टेंभी नाक्याला मी आत्ताच नाही म्हणून सांगते.

आप्पा : अगं वेडे, डोळे मिटले म्हणजे आवडलं. आमच्या बैठकीत चांगलं गाणं असंच ऐकतात. डोळे उघडे ठेवून मी फक्त बातम्या ऐकतो. तू वरचा सा लावलास ना, अंगावर काटा आला माझ्या.

भागीरथी : आमच्यात असा गपचीप बसून ऐकतात ते मयताचा भजन.

आप्पा : म्हणजे इतका वेळ मी मयताला आल्यासारखा बसलो होतो?

भागीरथी : तसाच. सहदेव बोलतो, मास्तर रागावले, आता पोरीला धाडनार नाय.

शुभदा : थांबा, मी सांगून येते दादांना.

भागीरथी : तोंडानं सांगून नाय चालत गो. या अंगनात नाचूनच सांगाचा.

आप्पा : मी अख्ख्या जन्मात गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा नाचलेलो नाही हो.

शुभदा : राहू दे आप्पा. तुम्हाला आवडलं ना, मला तेवढं पुष्कळ आहे.

आप्पा : टेंभी नाक्याला गर्दी असते का गं?

शुभदा : मुंगीला शिरायला जागा नसते.

आप्पा : आणि ती सगळी माणसं तुला ऐकणार.

शुभदा : तुम्ही हो म्हणालात तर.

आप्पा : जा, सहदेवांना सांग, पहिल्यापासून घ्या म्हणावं. लय जरा चढी ठेवा.

शुभदा : आप्पा, म्हणजे तुम्ही...

आप्पा : बरं झालं, चपला मघाशीच काढल्या. भागीरथीबाई, हा चष्मा जरा धरता का?