बर्चचा वास

अल्को या सरकारी दारूदुकानात आमच्या गावच्या नव्या व्हिस्कीची बाटली घेऊन मी रांगेत उभा होतो. पुढे नणंद-भावजय होत्या.

"वन्सं, तीन वर्षांपूर्वी तुमच्या भावानं आमच्या सौनात मोड आलेले रायचे दाणे वाळत घातले होते, आठवतं?"

"व्हिस्कीसाठी ना? धुरावर?"

"हो. वर मला दम, शनिवारी आंघोळीला आत पाऊल टाकायचं नाही!"

"शनिवारी? ऐन सौनाच्या दिवशी? आणि तू ऐकलंस, हिल्का?"

"ऐकते होय! तो गावात गेल्यावर शिरले. राय सरकवून फळीवर बसले, तापल्या दगडांवर पाणी ओतलं, बर्चच्या डहाळ्यांनी पाठ झोडपून घेतली."

"अगं बाई! रायीशेजारी?"

"आता तीच व्हिस्की बाजारात आलीय. चाखणारे म्हणतात, ओल्या बर्चचा असा वास दुसऱ्या कुठल्याच व्हिस्कीला नाही."

"आणि आमचा रेय्यो काय म्हणतो?"

"तो रोज रानात जाऊन झाडं हुंगतोय!"

"मग सांगून टाक ना त्याला."

"सांगते कुठली! मग दर खेपेला माझी आंघोळसुद्धा व्हिस्कीच्या कामात धरेल तो."

मी रांग सोडली आणि आणखी एक बाटली घेऊन आलो.