गालांचे आकडे

फोटोवर फिल्टर लावायचा पहिला प्रोग्रॅम मी लिहिला ना, सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीत, तेव्हा आमच्या कॉलेजात स्कॅनरच नव्हता यार. फोटोवर बारीक चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा, प्रत्येक चौकट किती काळी ते शून्य ते नऊमध्ये लिहायचं आणि मग ते आकडे टाइप करत बसायचं.

मी बाबांचा फोटो घेतला. ते तीन वर्षं मस्कतला होते, फोटो नुकताच तिथून आला होता. मालाडच्या आमच्या खोलीत आई चौकटी बघून आकडे सांगायची आणि मी लिहायचे. दोन रविवार गेले त्यात.

माझा फिल्टर चेहऱ्यावरच्या रेषा ठळक करणारा. प्रिंट निघाली, तर बाबांचे गाल गुळगुळीत! सर म्हणाले, "रेषा उठायला हव्यात, तुझ्या तर पुसल्याच गेल्या. प्रोग्रॅम चुकलाय."

तीनदा तपासला, चूक सापडेना. घरी येऊन फोटो आणि आकडे शेजारी ठेवले. डोळ्यांखाली, गालांवर, जिथे सात-आठ हवेत तिथे सगळीकडे दोन!

"आई, वाट लावलीस गं! फोटोत गाल किती बसलेत बघ ना."

"दिसतात मला," आई सुकट निवडत म्हणाली. "हे निघाले त्या दिवशी कसे होते, ते सांगितलं मी."

आकड्यांना मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, प्रोग्रॅमच चुकलाय.